फाईलला सी फॉर्म लागत नाही

२०१९ च्या मार्चअखेरीला मी एका जुन्या पक्षकाराचा जीएसटी नंबर रद्द करण्याचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात तयार पर्याय असतात. त्यातला 'व्यवसाय बंद' निवडला आणि बटण दाबलं. मामा समोर खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "झालं? एवढंच होय?" मग पिशवीतून तीन वस्तू काढून त्यांनी टेबलावर मांडल्या. सुतळीनं बांधलेल्या रोजकीर्दी, वापरलेल्या सी फॉर्मच्या (परराज्यातून माल घेताना विकणाऱ्याला द्यायचा विक्रीकराचा फॉर्म) स्थळप्रतींचा गठ्ठा आणि एक मेमरी कार्ड रीडर, ज्याच्या चार खाचांपैकी दोनच चालत होत्या. "हे तुमच्याकडंच राहू दे. घरात ठेवलं तर सूनबाई रद्दीत घालतील."

मामांचं कॅसेटचं दुकान बेळगावातल्या एका गजबजलेल्या गल्लीत होतं. नाव-पत्ता देत नाही. धंद्याचा मधला काळ कायद्याच्या नजरेसमोर मांडण्यासारखा नाही, आणि मामांची नातवंडं अजून इथंच शिकतात. 'मामा' हे सगळ्या गल्लीनं दिलेलं नाव. मला ते 'वकील' म्हणत. मी वकील नाही, पण सेल्स टॅक्सचं काम करणाऱ्याला आमच्याकडं वकीलच म्हणतात. १९९६ पासून दुकान बंद होईपर्यंतचा त्यांचा जमाखर्च मी लिहिला. म्हणून हे प्रकरण माझ्या हाताखालून गेलेलं आहे, पान-पान करून.

'पायरसीनं कॅसेटवाले बुडाले' असं सगळेच म्हणतात. मामांच्या कीर्दीत मात्र तसं काही सापडत नाही. फुकटात फिरणाऱ्या गाण्यांवर हे दुकान आठ वर्षं चाललं, आणि कॅसेटच्या काळापेक्षा बरं चाललं. बुडालं ते नंतर आणि दुसऱ्याच कारणानं. पायरसीनं जे खरोखर नेलं ते नफ्या-तोट्याच्या पत्रकात कधी उमटलंच नाही. त्यासाठी खतावणीतलं एक लहानसं खातं उघडावं लागतं. तिथपर्यंत येतो.

कोल्हापूरचा माल, हुबळीचा माल

कोल्हापूर आणि हुबळी, दोन्ही बेळगावापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. मराठी कॅसेट कोल्हापूरहून यायची, कन्नड हुबळीहून. अंतर जवळपास सारखं, पण कोल्हापूरची कॅसेट राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून यायची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसापासून मराठी गाणं आमच्यासाठी 'आंतरराज्य खरेदी' झालं, ही गोष्ट मात्र सेल्स टॅक्सवाल्यांनाच ठाऊक.

आंतरराज्य खरेदी म्हणजे केंद्रीय विक्रीकर. त्या काळी सी फॉर्म दिला तर चार टक्के, नाही दिला तर दहा टक्के किंवा विकणाऱ्याच्या राज्यातला दर, जो जास्त असेल तो. सी फॉर्म सरकारी ऑफिसातून घ्यावा लागे, आणि आधीच्या फॉर्मांचा हिशेब दिल्याशिवाय नवे मिळत नसत. वर्षाला तीन-चार लाखांची विक्री करणारा माणूस त्यासाठी माझ्या ऑफिसाच्या आणि त्या ऑफिसाच्या पायऱ्या झिजवायचा. कोल्हापूरचा वितरकही फॉर्म हातात पडल्याशिवाय पुढचा माल उधार सोडायचा नाही. परिणाम असा की कोल्हापुरात सोमवारी लागलेली नवी मराठी कॅसेट आमच्या गल्लीत पंधरा-वीस दिवसांनी यायची. हुबळीची कन्नड कॅसेट तिसऱ्या दिवशी काउंटरवर.

सिनेमाचंही तेच. मराठी चित्रपटाच्या प्रिंटा मोजक्या निघायच्या. कोल्हापूर-सांगलीत चालून झाल्यावर ती पेटी आमच्याकडं यायची, तोवर तिच्यावर पावसासारख्या रेघा पडलेल्या. २००५ च्या सुमारास यूएफओसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून थिएटरात चित्रपट पोचवायला सुरुवात केली, तेव्हा हा वेळेचा फरक मिटू लागला. हिंदी सिनेमाच्या व्यापारात जुन्या मुंबई इलाख्यातला कर्नाटकाचा हा भाग मुंबई सर्किटमध्येच, म्हणजे मुंबईच्या वितरण-विभागातच, धरतात. सीमाप्रश्नावर आयोग नेमले गेले, अहवाल आले, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, पण चित्रपट वितरकांनी आपला नकाशा काही बदलला नाही.

या पंधरा-वीस दिवसांच्या फटीत मामांचा पहिला जोडधंदा उभा राहिला. दुकानात मागच्या बाजूला डबल डेक होता, एका कॅसेटवरून दुसरी भरणारा. गिऱ्हाईक कोरी टेप आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी देऊन जायचं. साठची टेप असेल तर बारा-चौदा गाणी, नव्वदची असेल तर वीसेक. कोल्हापूरहून कुणीतरी एक अस्सल कॅसेट पाहुण्यांकडून आणलेली असायची, तिच्यावरून सगळ्यांच्या भरून व्हायच्या. कीर्दीत मी ते 'रेकॉर्डिंग चार्ज' असं लिहायचो. कायद्यानं ते तेव्हाही चूकच होतं. आज मागं वळून बघताना मला वाटतं, त्या यादीतली निम्मी गाणी लोकांनी विकत घेतली असती, वेळेवर मिळाली असती तर. उरलेली निम्मी कुणी कधीच घेतली नसती.

अकरा कॅसेटी

आता ते लहान खातं. खतावणीत त्याचं नाव 'लोकल कॅसेट - आगाऊ'.

१९९८ मध्ये खानापूर तालुक्यातल्या एका गावचे बुवा दुकानात आले. त्यांच्या भजनी मंडळाला कॅसेट काढायची होती. पैसे नव्हते. मामांनी हिशेब मांडला. कोल्हापुरात एक दिवस स्टुडिओ, पाचशे प्रती, रंगीत लेबल, मंडळींचं जाणं-येणं-जेवण, मिळून नऊ हजार. कॅसेटची किंमत तीस रुपये. पहिल्या तीनशे प्रती विकल्या की भांडवल सुटतं, पुढच्या दोनशे म्हणजे कमाई. बुवांना दीड हजार आणि शाल-श्रीफळ, पखवाजवाल्याला तीनशे, टाळकऱ्यांना पन्नास-पन्नास.

तीनशे प्रती विकायला चौदा महिने लागले. आषाढी वारीच्या दिंड्यांत काही गेल्या, काही सप्त्यांत, काही थेट दुकानातून. पाचशेवी प्रत तिसऱ्या वर्षी विकली गेली. व्याज धरलं तर धंदा बेताचाच. पण मामांना त्याची गोडी लागली. २००४ पर्यंत त्यांनी अशा अकरा कॅसेटी काढल्या. सहा मराठी भजनाच्या, दोन कन्नड भजनाच्या, एक हलगीची, एक यल्लम्माच्या गाण्यांची, जी सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला हातोहात खपली, आणि एक हळदीच्या गाण्यांची. ही हळदीची कॅसेट बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या चार म्हाताऱ्या बायकांनी गायली होती. चौघीजणी लग्नघरात गायच्या, तेही स्वतःच्या भावकीत. माईकसमोर बसायला तयार होईनात. मामींनी स्वतः बरोबर जाऊन त्यांना कोल्हापूरला नेलं. मानधन म्हणून प्रत्येकीला एक इरकल साडी.

या अकरा कॅसेटींपैकी सातांनी भांडवल काढलं, दोन जेमतेम बरोबरीत सुटल्या, दोनांनी खाल्लं. मोठ्या कंपनीचं गणितही याच घडणीचं असतं, फक्त शून्यं जास्त. चाललेल्या मालानं न चाललेल्याचं देणं फेडायचं.

बारावी निघाली नाही. अकरावी कॅसेट, एका भजनी मंडळाची, २००४ च्या जत्रेत लावली आणि आठ दिवसांत निपाणीच्या बाजारात एक एमपीथ्री सीडी आली. वीस रुपयांत सात मंडळांची भजनं, दीडशेच्या वर गाणी, वर छापलेलं चित्र भलत्याच देवाचं. मामांची अकरावी त्यात होती. हळदीची गाणीही होती. मामांनी ती सीडी विकत घेतली, माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "वकील, ह्याच्यावर काय करता येईल?" मी म्हटलं, कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. ते हसले. नऊ हजारांच्या धंद्यासाठी निपाणीच्या कोर्टात फेऱ्या कोण मारणार? शिवाय मागच्या खोलीत त्यांचा स्वतःचा डबल डेक होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

'लोकल कॅसेट - आगाऊ' हे खातं त्या वर्षी बंद झालं. शिल्लक शून्य.

या एका ओळीत माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. मामांच्या विक्रीत त्या वर्षी फारसा फरक नाही. पण नव्या गाण्यासाठी आधी खिशातून पैसे काढणारा माणूस गेला. न निघालेल्या कॅसेटीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

राहुल तेलंग आणि जोएल वाल्डफोगेल या अर्थतज्ज्ञांनी हिंदी चित्रपटांबद्दल नेमकं हेच तपासलं आहे. १९८५ ते २००० या काळात व्हिडिओ आणि केबलवरच्या चोरीनं चित्रपटांची कमाई घटली, आणि त्या पाठोपाठ नव्या चित्रपटांची संख्या आणि दर्जाही खाली आला, असा त्यांचा निष्कर्ष. मुंबईतल्या निर्मात्याचं जे झालं, तेच आमच्या गल्लीत नऊ हजारांच्या मापात झालं.

खरेदी शून्य

मधली तीन-चार वर्षं सीडीची. ती पटकन ओलांडतो, कारण मामांनी त्यात फार काही कमावलं नाही. एकच गोष्ट लक्षात राहण्यासारखी. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं अधिकृत चित्रपटांच्या व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना बाजारात आणल्या. चोरीच्या सीडीच्या किमतीला अस्सल माल! मामांनी स्टँड भरून ठेवला आणि तो खपलाही. लोकांना चोरीचंच आवडतं असं काही नाही, हे त्या स्टँडनं दाखवलं. पण ही अक्कल यायला उशीर झाला होता. सीडीच जायच्या वाटेवर होती. ती कंपनीही पुढं दिवाळखोरीत निघाली आणि २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला.

२००८ मध्ये मामांनी जुना कॉम्प्युटर घेतला. चिनी मोबाईल स्वस्त झाले होते, प्रत्येकात मेमरी कार्डाची खाच. काउंटरच्या काचेवर पाटी लागली, 'गाणी, व्हिडिओ भरून मिळतील'. भाचा कॉम्प्युटरवर बसला. मी एकदा त्याच्या खांद्यावरून फोल्डर वाचले. 'मराठी नवीन', 'मराठी जुनी', 'कन्नड', 'हिंदी ९०', 'भजन', 'लग्न', 'डीजे', 'ट्रॅक्टर'. शेवटचा काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्यांची आवड वेगळी असते की! ऊसतोडीला रात्रभर जागायचं असतंय. मोठ्ठा आवाज लागतोय." खरंच, पेनड्राइव्ह घेऊन येणारे ऊस वाहतुकीचे ड्रायव्हर 'ट्रॅक्टर भर' एवढंच म्हणायचे.

माल कुठून यायचा? शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं एक हार्ड डिस्क कोल्हापूरहून यायची आणि सोमवारी परत जायची. त्या डिस्कला कोगनोळी नाक्यावर कुणी अडवलं नाही. फाईलला सी फॉर्म लागत नाही. जी मराठी गाणी वीस दिवस उशिरा यायची ती आता कोल्हापूरच्या बरोबरीनं वाजू लागली. भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला या गोष्टीचं मोल काय, हे कॉपीराइटच्या कुठल्याही चर्चेत येत नाही. १ नोव्हेंबरच्या आदल्या संध्याकाळी दुकानात बघण्यासारखी रांग असायची. कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीसाठी कन्नड गाणी भरून नेणारे आणि त्याच दिवशी मराठी माणसं निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीसाठी पोवाडे नेणारे, एकाच रांगेत, एकाच भाच्यासमोर. दर दोघांनाही सारखाच.

दोन जीबीचं कार्ड भरायला तीस रुपये. एमपीथ्रीत एक गाणं साधारण चार-पाच एमबीचं, म्हणजे तीस रुपयांत चारशेच्या वर गाणी. दिवसाला पंचवीस कार्डं सहज व्हायची, गणपतीत आणि लग्नसराईत दुप्पट.

हिशेबनीस म्हणून मला या काळाचं भय वाटायचं. खरेदीचा रकाना कोरा. विक्री आहे, माल नाही. मी त्या उत्पन्नाला 'मोबाईल दुरुस्ती व सेवा' असं गोंडस नाव दिलं. त्यात माझाही हात काळा आहे, हे इथं कबूल करतो. २०१२-१३ सालचे आकडे असे: कार्डाच्या काउंटरवर जमा सव्वादोन लाख, आणि वीज, डिस्कचं भाडं, भाच्याचा पगार वजा जाऊन हातात दीड लाख. कॅसेटच्या भरात विक्री पावणेचार लाख आणि हातात साठ-सत्तर हजार राहायचे. मधल्या बारा वर्षांची महागाई धरली तर हा फरक वाटतो तेवढा मोठा नाही, पण आहे.

मग गेलं कुणाचं? कोल्हापूरच्या वितरकाचं सगळंच गेलं. २०१० मध्ये त्यानं गोडाऊन भाड्यानं दिलं. कंपनीचं, गायक-वादकांचं, गीतकाराचं गेलं, जे काय त्यांच्यापर्यंत पोचत होतं ते. सरकारचा विक्रीकर गेला. आणि मिळालं कुणाला? थोडं मामांना, पण सगळ्यात जास्त गिऱ्हाइकाला. तीस रुपयांत दहा गाणी ऐकणारा माणूस तीस रुपयांत चारशे ऐकू लागला.

इथं उद्योगाकडून नेहमी एक गफलत होते. चारशे गाणी म्हणजे चाळीस कॅसेटी, चाळीस गुणिले तीस म्हणजे बाराशे रुपयांचं नुकसान, असा हिशेब मांडतात. रोजंदारीवरचा गवंडी बाराशे रुपयांच्या कॅसेटी कधीच घेणार नव्हता. पण नुकसान शून्य आहे असं म्हणणंही तितकंच खोटं. तो गणपतीला एक आणि दिवाळीला एक कॅसेट घ्यायचा, ती बंद झाली, हे मामांच्या कीर्दीत दिसतं. अमेरिकेतही हा वाद असाच रंगला. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांनी २००७ मध्ये २००२ च्या आकड्यांवरून सांगितलं की डाउनलोडचा विक्रीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. रॉब आणि वाल्डफोगेल यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून सांगितलं की दर पाच अल्बम डाउनलोड झाले की विकत घेतला जाणारा साधारण एक अल्बम कमी होतो. माझ्या बैठकीतून मला पाचात एक हे प्रमाण अमेरिकन विद्यार्थ्यासाठी पटतं. आमच्या गवंड्यासाठी ते वीसात एक असेल. मात्र जगभरच्या ध्वनिमुद्रित संगीताची कमाई १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांत साधारण चाळीस टक्क्यांनी घसरली, हे विसरून चालत नाही.

२०११ मध्ये धाड पडली. एका संगीत कंपनीची माणसं आणि पोलीस दुपारी आले, कॉम्प्युटर आणि डिस्क पोत्यात घालून घेऊन गेले. मामांनी एक रात्र चौकीत काढली. जामीन, वकील, खऱ्या अर्थानं वकील, आणि इतर खर्च मिळून जेवढं गेलं तेवढं दीड महिन्यात भरून आलं. नवव्या दिवशी नवा कॉम्प्युटर लागला. कर्नाटकाचा 'गुंडा कायदा' १९८५ चा, ध्वनिफितीचे चोर त्याच्या यादीत आधीच होते, आणि २०१४ मध्ये त्या यादीत 'डिजिटल गुन्हेगार' आले. म्हणजे कागदावर मामांना वर्षभर स्थानबद्ध करता आलं असतं. मला तेव्हाही हसू आलं होतं. भाचा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता.

५ सप्टेंबर २०१६

तो सोमवार होता आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मामांचा वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम. त्याच दिवशी जिओ सुरू झालं. आधी डिसेंबरअखेर, मग ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट.

गणपतीचे दिवस नेहमीसारखे गेले, कारण सिमकार्डासाठी अजून रांगा होत्या. विसर्जनानंतर काउंटर रिकामा दिसू लागला. मग ८ नोव्हेंबरला नोटबंदी. इथं हिशेबनीसाला प्रश्न पडतो. धंदा पडला तो नोटबंदीनं की जिओनं? मामा म्हणत, "मोदींनी मारलं." भाचा म्हणे, "अंबानींनी."

सुदैवानं मी काही वर्षांपासून दोन काउंटर वेगळे लिहायला लावले होते, कार्डाचा वेगळा आणि दुरुस्ती-कव्हर-चार्जरचा वेगळा. ऑगस्टमध्ये कार्डाचा गल्ला १९ हजार, दुरुस्तीचा १४ हजार. ऑक्टोबरमध्ये, नोटबंदीच्या आधीच, कार्डाचा ११ हजारांवर आला होता, दुरुस्तीचा जागेवर होता. नोव्हेंबरात दोन्ही कोसळले. फेब्रुवारीत दुरुस्ती परत १३ हजारांवर चढली. कार्ड साडेतीन हजारांवरच राहिलं. नोटबंदीचा घाव दुरुस्तीच्या काउंटरनं भरून काढला, कार्डाचा घाव मुळात तिचा नव्हताच.

दुसरा पुरावा गिऱ्हाइकांच्या गावांचा. २०१७ आणि १८ मध्ये जी माणसं कार्ड भरायला येत राहिली ती खानापूरच्या जंगलपट्ट्यातली, कणकुंबी, जांबोटीकडची. तिथं रेंज नव्हती. "मामा, आमच्याकडं टॉवर नाही, तवर तुमचं दुकान हाय," असं एकानं माझ्यासमोर सांगितलं होतं. शहरातल्या पोरांनी मात्र पाठ फिरवली. चोरीचा धंदा ना पोलिसांनी बंद केला, ना कायद्यानं. गाणं ऐकण्याची अधिकृत सोय चोरीपेक्षा सोपी आणि तेवढीच फुकट झाली, आणि तो आपोआप आटला. जगाच्या बाजारातही संगीताची कमाई पुन्हा वर चढली ती स्ट्रीमिंगवरच. फक्त ते पैसे आता गल्लीतून जात नाहीत. वितरकाचं गोडाऊन नाही, काउंटर नाही, भाचा नाही. भाचा सध्या एका कुरिअर कंपनीत आहे.

बुवांचा मुलगा आणि चार म्हाताऱ्या

१९९८ च्या बुवांचा मुलगा आता मंडळ चालवतो. २०१८ मध्ये त्यानं मोबाईलवर चित्रित करून भजनं यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. त्याच वर्षी यूट्यूबनं जाहिरातीच्या पैशासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं अशी अट घातली. ती त्यानं दीड वर्षात गाठली. त्यातून येणारं उत्पन्न चहापाण्याचं. एका अभंगाच्या चालीवर कुठल्याशा कंपनीनं हक्क सांगितला आणि त्या व्हिडिओचा पैसा तिच्याकडं वळला. शब्द तुकोबांचे, त्यावर कुणाचा हक्क नाही, पण चाल कुणाच्या तरी कॅसेटीतली निघाली. वडिलांच्या काळी आमची गल्ली कंपनीची गाणी चोरायची, आता कंपनीचं यंत्र आमच्या गावच्या भजनावर नजर ठेवून असतं.

त्याला खरं मिळालं ते वेगळीकडून. चोर्ला घाटाखालून गोव्यातल्या सत्तरीतून बोलावणी येतात, चंदगडकडून येतात. कार्यक्रमाचे पंधरा हजार आणि गाडी, पखवाजवाल्याला हजार. वडिलांना तेव्हा उभ्या कॅसेटीचे दीड हजार मिळाले होते. फुकट फिरणारी फाईल त्याची जाहिरात करते आणि सुपारी घेऊन येते. ज्याला व्यासपीठावर उभं राहता येतं त्याला ही नवी रचना मानवली.

हळदीची गाणी गाणाऱ्या बायका व्यासपीठावर कधी उभ्याच राहणार नव्हत्या. त्यांचं गाणं विकलं जायचं असेल तर प्रतीच्या रूपातच. प्रत फुकट झाली, की त्यांच्यासाठी बाजारच उरत नाही. चौघींपैकी एकच आता हयात आहे, आणि तिला ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्यातल्या एकीची नात माझ्या ऑफिसात आली. मामांनीच पाठवली होती. तिच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, हळदीला आजीचा आवाज हवा होता. मूळ मास्टर टेप मामांच्या माळ्यावर बुरशीनं खाऊन टाकली होती. विकलेल्या प्रतींपैकी एकही कुणाच्या घरी सापडेना. मला हार्ड डिस्क आठवली, जी मामांनी नंतर आणून दिली होती. 'लग्न' फोल्डरमध्ये तीनशेच्या वर फाईली, नावं अगम्य. मामा खुर्ची ओढून बसले, एकेक वाजवत गेले. चाळीस मिनिटांनी एका फाईलीत बांगड्यांची किणकिण आणि मग त्या चौघींचा आवाज. निपाणीच्या त्या वीस रुपयांच्या सीडीवरून उतरवलेली प्रत होती. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि तिसऱ्या कडव्यानंतर भलत्याच मंडळाचा पखवाज घुसलेला. नात ओठ घट्ट मिटून ऐकत होती.

मामांनी रीडरात तिचं कार्ड घातलं, चालणाऱ्या खाचेत. फाईल गेली. तिनं कार्ड फोनमध्ये टाकून खात्री केली आणि आमच्यासमोरच भावकीच्या ग्रुपवर पाठवून दिली.

"मामा, किती झाले?"

"दहा," मामा म्हणाले. सवयीनं म्हणाले असणार, कारण नंतर स्वतःच हसले. तिनं दहाची नोट टेबलावर ठेवली आणि पाया पडून गेली. नोट माझ्याकडं सरकवत मामा म्हणाले, "लिहा, वकील."

कुठल्या खात्यात लिहायचं, हे मी त्यांना विचारलं नाही. नोट त्या सी फॉर्मच्या गठ्ठ्यात ठेवून दिली आहे.